गाऱ्हाण्यातली मोकळी जागा

वेळकोंड गावाच्या सहाणेवर, पालखी टेकवायच्या दगडी चौथऱ्यावर, शिमग्याची पालखी बसली की भिकाजी पुढे यायचा, टोपी सारखी करायचा आणि गाऱ्हाणं घालायला लागायचा. एकतीस वर्षं ते काम त्याच्याकडे होतं. त्याआधी त्याच्या बापाकडे, विठूकडे, आणि त्याच्याही आधी आजाकडे, रघूकडे. गाऱ्हाणं म्हणजे गावाच्या वतीने देवीशी केलेलं बोलणं. एकाने बोलायचं आणि जमलेल्या पुरुषांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' असा होकार भरायचा. देवीला म्हाराजा का म्हणता, असं एखादा शहरी पाहुणा दर वर्षी विचारतो आणि त्याला दर वर्षी शिऱ्याची बशी मिळते. उत्तर कुणालाच ठाऊक नाही. वाडवडील म्हणत आले, म्हणून म्हणायचं.

भिकाजीला गाऱ्हाणं कुणी शिकवलं नव्हतं. अकराव्या वर्षापासून तो बापाच्या डाव्या हाताला उभा राहत होता, एवढंच. एखादी ओळ परत सांगा म्हटलं तर विठू म्हणायचा, "उबा ऱ्हा. येल आपोआप." आणि ते आलंही. शब्द आले, शब्दांची चाल आली, सुरू करायच्या आधी टोपीला हात लावणं आलं. विठूच्या डाव्या पायात तरुणपणी खुंट घुसला होता, म्हणून तो सगळा भार उजव्या पायावर टाकून उभा राहायचा. भिकाजीचे दोन्ही पाय धडधाकट, पण गाऱ्हाणं घालताना तोही उजवीकडे कलायचा. "बापाचा पाय दुखतो आणि लेक लंगडतो," अशी वाडीतली माणसं चेष्टा करायची. त्याला मात्र सरळ उभं राहून पुढची ओळ आठवायची नाही.

एक गोष्ट आणखी आली होती. गाऱ्हाण्यात मध्ये सगळ्या जागांची नावं घ्यायची असतात. सड्यावरच्या राखणदारा, व्हय म्हाराजा. व्हाळातल्या पाण्याच्या धन्या, व्हय म्हाराजा. शिवेवरच्या खुणेच्या धोंड्या, व्हय म्हाराजा. यानंतर विठू तोंड मिटायचा. एक श्वास जाईल एवढा वेळ काहीच बोलायचा नाही. आणि त्या गप्प जागेवर सगळा गाव, दीडदोनशे माणसं, मोठ्याने म्हणायची, "व्हय म्हाराजा." मग विठू पुढे जायचा.

परका माणूस तिथे चमकायचा. कुणी काही बोललं नाही आणि एवढी माणसं कुणाला हो म्हणाली? वेळकोंडातल्या माणसाला मात्र त्यात काही वावगं वाटत नसे. धोंड्यानंतर एक मोकळं, त्यावर होकार, हे त्याला चालायला लागल्यापासून माहीत. भिकाजीची समजूत होती की बाप तिथे दम घेतो. मग तोही घरी, परसात, फणसाला गाऱ्हाणं घालून सराव करताना तिथे दम घ्यायचा.

विठू गेला तेव्हा भिकाजी सदतीस वर्षांचा होता. भाट्याला नारळाच्या बागेत माळीकाम करायचा, रोज एसटीने जाऊन येऊन. बाप अंथरुणाला खिळलाय म्हणून त्या दिवशी रजा टाकून घरी होता. सकाळी दहाचा सुमार, अंगणात भात वाळत घातलेलं. विठूने त्याला जवळ बसवलं आणि ज्या गोष्टीविषयी त्या घरात कधी अवाक्षर निघालं नव्हतं, ती सांगितली.

रघूला एक धाकटी बहीण होती, गोदा, म्हणजे विठूची आते. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा पटकीने गेला आणि ती माहेरी परत आली. ती आली आणि पंधरा दिवसांत वेळकोंडातही पटकी शिरली. चार माणसं गेल्यावर गाव सहाणेवर जमला. आजार हिच्या पायाने आला, हिला शिवेपलीकडे ठेवा, आजार हटला की परत आणा, असं ठरलं. रघू तेव्हा गावाचं गाऱ्हाणं घालणारा. गावाचं तोंड म्हणजे तोच, नाही कसं म्हणणार? त्याने स्वतः बहिणीला हाताला धरून शिवेपलीकडच्या खोपीत नेऊन सोडलं. रोज तिन्हीसांजेला तो शिवेच्या धोंड्यावर भाकरी आणि पेज ठेवायचा, लांब मागे सरायचा आणि हाक मारायचा, "गोदे!" पलीकडून आवाज यायचा, "व्हय." मग तो घरी यायचा. असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी उत्तर आलं नाही. रघूने तीनदा हाक मारली. विठू तेव्हा सोळासतरा वर्षांचा, बरोबर होता. तो म्हणाला, मी बघून येतो. बापाने त्याचं मनगट धरलं ते घराच्या पायरीपर्यंत सोडलं नाही. अकराव्या दिवशी ते भाकरी ठेवायला गेले तर कालची तशीच होती. मग त्यांनी जाणंच बंद केलं. कुणीही बघायला गेलं नाही. महिन्याभराने आजार ओसरला, पावसात खोप बसली आणि खोपीवर रान वाढलं.

पुढच्या शिमग्याला रघूने गाऱ्हाण्यात एक ओळ वाढवली. शिवेच्या धोंड्यानंतर तो म्हणाला, "शिवेपलीकडच्या गोदे." आणि साऱ्या गावाने खाली माना घालून म्हटलं, "व्हय म्हाराजा." तिचा हो तिला देता आला नाही, तो गावाने दिला. तो पुढे वीसेक वर्षं दिला. मग विठूच्या हातात गाऱ्हाणं आलं आणि त्याच्या दोन मुली लग्नाला आल्या. पालखीला आलेले पाहुणे विचारायला लागले, ही गोदा कोण? घरातली बाई शिवेवर आहे काय? एक सोयरीक मोडली. त्या वर्षी विठूने नाव गिळलं. पण लोकांच्या तोंडाला सवय झालेली. नाव आलं नाही तरी होकार आला.

"नाव घ्याचा नाय," विठू शेवटी म्हणाला. "पन जागा सोडाची नाय." दुपारी तो गेला.

आता हे ओझं बापाने कशाला दिलं, असं मला विचाराल तर मला विठूचा रागच येतो. स्वतःला मरताना जड झालं म्हणून लेकाच्या खांद्यावर टाकून मोकळा झाला. भिकाजीला मात्र बापाचा राग कधी आला नाही. त्याला भीती वाटायला लागली.

एसटीचा थांबा शिवेपलीकडे होता. कामावरून उतरून घरी यायला रोज त्या धोंड्याजवळूनच वाट. दिवस मावळत असायचा. आधी तो तिथे विडी ओढत उभा राहायचा, आता मान खाली घालून चालायला लागला. भुताखेताचं भय त्याला नव्हतं. दिवसदिवस बागेत एकटा राबणारा माणूस तो. त्याला भय वाटायचं ते स्वतःच्या तोंडाचं. धोंड्याजवळ आलं की ती हाक घशाशी यायची. एकदा मारून बघावी असं वाटायचं. आणि मारली तर? उत्तर आलं तर काय करायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि नाही आलं तर काय करायचं, हेही नव्हतं. घरी पोचेपर्यंत त्याचा सदरा पाठीला चिकटलेला असायचा.

अंगणात पाय टाकला की तो बायकोला हाक मारायचा. "तुळसा!" ती असेल तिथून लगेच ओ द्यायची. चुलीच्या धुराने तिची छाती धरलेली होती, म्हणून आधी एक बारीक खोकला आणि मग ओ. ती कधी विहिरीवर असली, ऐकू गेलं नाही, तर हा माणूस वेड्यासारखा पाणंदीतून धावत सुटायचा. "कशाला वरडताव? हतंच हाय मी," ती म्हणायची. पुढे तिने कारण विचारणं सोडलं आणि पहिल्या हाकेला ओ देणं पाळलं. हातातलं काम टाकून, तोंडातला घास गिळायच्या आधी. खोकला, मग ओ. तो ऐकला की भिकाजीचा श्वास खाली बसायचा.

झोपेत तो नाव घ्यायचा. "गोदे, गोदे." तुळसाने पहिली काही वर्षं भाट्याच्या बागेतली एखादी कामकरीण असावी असा समज करून घेतला आणि त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याने शपथा घेतल्या, पण गोदा कोण ते सांगितलं नाही. सांगणार कसं? शेवटी तिने तो विषय चुलीत घातला. नवरा बाहेर कुठे जात नव्हता, पगार घरी आणत होता आणि हाक मारताना त्याचा आवाज कापत होता. तेवढं तिला पुरलं.

असं सगळं चाललं होतं ते दोन वर्षांपूर्वीपर्यंत. मग भिकाजीच्या जिभेवरून वारं गेलं. अर्धांग मोठं नव्हतं, हातपाय शाबूत राहिले, पण शब्द जड झाले आणि मोठ्याने बोललं की पाणी यायचं डोळ्यांत. डॉक्टरांनी ओरडायचं नाही म्हणून बजावलं. मूलबाळ नव्हतं. मग थोरल्या भावाचा मुलगा रितेश, लहानपणापासून मुंबईत, नोकरीलाही तिथेच, त्याने गाऱ्हाणं घ्यायचं असं गावाने ठरवलं. येत्या शिमग्याला भिकाजीने शेवटचं घालायचं आणि पुढच्या वर्षापासून रितेशने.

रितेश पोरगा गुणाचा, पण वर्षानुवर्षं कुणाच्या डाव्या हाताला उभं राहायला त्याला रजा कुठली? त्याने मोबाईल समोर ठेवला आणि म्हणाला, "काका, एकदा सगळं म्हणा. मी जाता-येता ऐकून पाठ करतो." भिकाजीने अडखळत म्हटलं. आठ दिवसांनी रितेशचा फोन आला. "पाठ होत आलं, काका. तुम्ही धोंड्यानंतर थांबला होतात ना, दम लागला असेल, ती रिकामी जागा मी काढून टाकली. आता एकदम सलग झालंय."

भिकाजीने फोन खाली ठेवला आणि ओटीवरच बसून राहिला. सलग झालंय. त्या पोराची काहीच चूक नव्हती. मोबाईलमध्ये गाव नव्हता, त्यामुळे मोकळ्या जागेवर होकारही नव्हता, नुसतीच शांतता होती. ती कापली. पुढच्या वर्षी रितेश सलग म्हणेल, लोक एखादं वर्ष गोंधळतील, मग विसरतील. नाव बापाने गिळलं होतं, आता जागाही जाईल, आणि गोदा नावाची बाई या गावात होती हे सांगणारं काही उरणार नाही. त्याच्याबरोबर ती दुसऱ्यांदा मरेल, आणि या वेळी मनगट धरणारा तोच असेल.

नाव घ्यावं, तर रितेशचं लग्न ठरलेलं. वैशाखात होतं. मुलगी मनस्वी, मुंबईत वाढलेली, गाव लांज्याकडचं. तिची माणसं शिमग्याला पालखी बघायला मुद्दाम येणार होती. त्यांच्यासमोर नाव निघालं, कुणीतरी विचारलं, आणि बापाच्या वेळेसारखी सोयरीक मोडली तर? चार दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. तुळसाने दोनदा विचारलं. तो म्हणाला, "काय नाय गो." ती खोकली आणि भांडी घासायला गेली.

पालखीच्या दिवशी ऊन चांगलंच तापलं होतं. दुपारी चारला देवी नाचत नाचत सहाणेवर आली. पुरुष पुढे, बायका मागे आंब्याखाली. बायकांनी होकार भरायचा नसतो, त्यांनी ऐकायचं. पाहुण्यांना खुर्च्या दिल्या होत्या. मनस्वी बायकांत बसली होती. रितेश काकाच्या डाव्या हाताला मोबाईल धरून उभा राहिला, पूर्ण गाऱ्हाणं गावाच्या आवाजासकट टिपायला.

भिकाजीने टोपी सारखी केली, उजव्या पायावर भार टाकला. आवाज फाटका लागला, पण लागला. "बा माजे आई, शिमग्याच्या सनाला तुजी पोरंबाळं तुज्या पायाशी उबी हायत." व्हय म्हाराजा. "कोन मुंबैला हाय, कोन परदेसात हाय, सगल्यांवर तुजी नजर आसू दे." व्हय म्हाराजा. सड्यावरचा राखणदार झाला, व्हाळातला धनी झाला. "शिवेवरच्या खुनेच्या धोंड्या." व्हय म्हाराजा.

त्याने तोंड मिटलं नाही. "शिवेपलीकडच्या गोदे आते," तो म्हणाला.

कुणीच काही बोललं नाही.

साठ वर्षं या माणसांनी गप्प जागेला होकार दिला होता. तिथे शब्द आला आणि त्यांची तोंडं अडली. हे कोण, ही ओळ कुठली, चुकला की काय म्हातारा, असं म्हणत ते एकमेकांकडे बघायला लागले. ढोल खाली ठेवलेला. पालखीवरचं गोंड्याचं रेशीम तेवढं वाऱ्याने हलत होतं. भिकाजी उभा होता आणि त्याला कळलं की आपण नेमकं काय केलंय. तिन्हीसांजेची ती हाक त्याने पुन्हा मारली होती आणि याही वेळी उत्तर येत नव्हतं. पुढची ओळ गेली. त्याने परत म्हटलं, हळू, "गोदे आते."

मागे आंब्याखाली कुणीतरी बारीक खोकलं.

"व्हय म्हाराजा," तुळसा म्हणाली.

ती उभी राहिली होती. बाईने होकार भरलेला त्या सहाणेने कधी ऐकला नव्हता. शेजारची बाई तिचा पदर ओढत होती, पण ती बसली नाही. तीस वर्षं झोपेत ऐकलेलं नाव तिने आता दिवसाढवळ्या ऐकलं होतं आणि त्याच्यापुढे 'आते' ऐकलं होतं. तिला बाकी काही कळायची गरज नव्हती. नवऱ्याने हाक मारली होती आणि उत्तर येत नव्हतं, एवढं तिला कळलं. मग पुरुषांत एकदोघे म्हणाले, मग सगळे म्हणाले. भिकाजीने गाऱ्हाणं पुरं केलं.

नंतर सहाणेच्या पायरीवर बसून त्याने सगळं सांगितलं, काही न लपवता, आजाचं नाव घेऊन. दोनतीन म्हाताऱ्यांना ते आवडलं नाही. झाकलेलं उकरून काय मिळालं, असं ते म्हणाले. मनस्वी बायकांतून उठून पुढे आली होती. तिने विचारलं, "मग कुणी बघायला गेलंच नाही?"

ऐंशीपंच्याऐंशी वर्षांत हा प्रश्न त्या गावात कुणी विचारला नव्हता. "नाय गो बाय," भिकाजी म्हणाला. "कोन गेला नाय." आणि तो तिच्यासमोर रडला. सोयरीक मोडली नाही. वैशाखात लग्न झालं. आणि त्या संध्याकाळपासून धोंड्याजवळून जाताना भिकाजीच्या घशाशी हाक यायची थांबली. घर मात्र फार दिवस सुखाचं राहिलं नाही.

श्रावणात तुळसाच्या छातीच्या दुखण्याने उचल खाल्ली. रत्नागिरीला नेलं, अकरा दिवस ठेवलं, आणि ती गेली. भिकाजी घरात एकटा राहिला. सवयीने अंगणात पाय टाकताना तोंड उघडायचं आणि तो ते हाताने दाबून धरायचा. हाक मारायचीच नाही, म्हणजे उत्तर आलं नाही असं होणार नाही. आजाने शेवटी शिवेवर जे केलं तेच तो अंगणात करत होता. फार वाईट दिवस काढले त्याने.

यंदाच्या शिमग्याला रितेश सहाणेवर उभा राहिला. त्याने टोपी सारखी केली. टोपी तो एरवी घालत नाही. त्याचा भार उजव्या पायावर होता. मोबाईलवर बघून बघून त्याने तेही उचललं होतं आणि आपण ते उचललंय हे त्याला माहीत नसावं. भिकाजी गर्दीत मागे, खांबाला टेकून उभा होता. पोरगा चांगलं म्हणत होता. धोंडा झाला.

"शिवेपलीकडच्या गोदे आते," रितेश म्हणाला.

पुरुष गप्प राहिले. गोंधळून नव्हे, ठरवून. कुणी सांगितलं नव्हतं, बैठक झाली नव्हती, पण दीडदोनशे माणसं तोंड मिटून आंब्याच्या दिशेला कान देऊन उभी होती. गेल्या वर्षी इथे बाईचा आवाज आला होता, म्हणजे इथे बाईचा आवाज येतो. भिकाजीने खांब सोडला. जिचा यायचा ती तर गेली. ह्यांना कुणी सांगत का नाही?

मग मागून बारीक खोकला आला. तोच. आधी खोकला आणि मग, "व्हय म्हाराजा."

भिकाजी गर्रकन वळला. ती नसणार हे ठाऊक असून वळला. आंब्याखाली मनस्वी उभी होती, डोक्यावर पदर घेऊन, मान वर करून. तिला ना सर्दी ना पडसं, चुलीपुढे ती कधी बसलेली नाही. तिच्यामागोमाग पुरुषांनी होकार भरला आणि गाऱ्हाणं पुढे सरकलं.

प्रसाद वाटून झाल्यावर ती त्याच्या पाया पडायला आली. "काका, बरोबर झालं ना? रितेशच्या मोबाईलवर रोज ऐकत होते. काकींचं ते आधीचं खोकणंसुद्धा बसवून घेतलं. पहिल्यांदा जमत नव्हतं."

खोकला गाऱ्हाण्यातला नव्हे, चुलीच्या धुरातला आहे, हे तिला सांगायला हवं होतं. भिकाजीने जड जिभेने शब्द जुळवले.

"बरोबर झाला," तो म्हणाला. "असाच म्हनत ऱ्हा. ह्यातला काय काढू नको."

तो घरी आला तेव्हा ऊन कलतीला होतं. अंगणात पाय टाकला आणि सात महिन्यांत पहिल्यांदा त्याने तोंडावर हात नेला नाही. त्याने तुळसाला हाक मारली, एकदाच, आणि पायरीवर बसून राहिला.